इंद्रजितच्या सलामीचे बॉम्ब

धनाजी तेरखेड्याला फटाके आणायला गेला होता, एवढंच. भूत बघायला जायला काळीज लागतं, अन् ह्याचं काळीज फ्लेक्सवरच मोठं. हसू नका. उत्कर्ष, तो मोबाईल पालथा ठेव. निकिता, जवळ सरक, मग म्हणशील ऐकू आलं न्हाय.

गोष्ट गेल्या वर्षीची, दोन जूनच्या रात्रीची. तीन तारखेला आपल्या इंद्रजितचा दिवस असतो. तुमी त्याला चौकातल्या पुतळ्यात बघितलंय, झुपकेदार मिशा लावलेला. त्याला मिशी खपायची न्हाय, रोज गुळगुळीत दाढी करायचा. पण पुतळा बसवणाऱ्या ह्या दिवट्यांना वाटलं, शहीद म्हणजे मिशा पाहिजेतच. कॅप्टन झाला तरी रजेवर आला की आधी आमच्या घरी, चुलीपुढं मांडी घालून भाकरी अन् ठेचा. त्याचे वडील अन् मी एकाच शाळेत मास्तर, म्हणून मला काका म्हणायचा. कारगिलला तोफेचा गोळा पडला अन् पोरगं पेटीतनं घरी आलं. लई आठवण येते त्याची.

आता त्याच्या नावावर ही माणसं जगतात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी औलाद! धनाजीला पंचायत समितीचं तिकीट पाहिजे होतं, म्हणून त्यानं पहाटे एकवीस तोफांची सलामी काढली. तोफा कसल्या, सुतळी बॉम्ब. ज्या पोराला गोळ्यानं मारलं त्याची आठवण बॉम्ब फोडून! आधल्या वर्षी पहिला बॉम्ब वाजला अन् राजेश्वरी वहिनी, इंद्रजितची आई, खाटेखाली शिरली. सत्तरी ओलांडलेली बाई. "खाली वाक इंदू, खाली वाक," म्हणून ओरडत होती. मी हाताला धरून बाहेर काढलं तिला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असला धक्का बसला तर सांगता येणार न्हाय. म्हणून मी धनाजीच्या दारात जाऊन हात जोडले. तो फोन कानाला लावूनच म्हणाला, "मास्तर, वीरमातेनं असं भ्यायचं नसतं."

वीरमाता म्हणे. वर्षभर त्या बाईच्या घरात पाणी येतंय का, हे ह्यानं कधी विचारलं न्हाय.

तर त्या रात्री माल भरून पिकअप घेऊन तो येडशीवरनं परत निघाला. मध्यरात्र उलटली होती. आपल्या फाट्यावर वळला तर एक तरुण उभा. साधे कपडे, खांद्याला पिशवी, पाठ ताठ. त्यानं हात केला. धनाजी एरवी म्हाताऱ्यालाबी गाडीत घेत न्हाय, पण गावातलं मत असंल म्हणून थांबला. म्हणाला, बसा पुढं. तो पुढं बसला न्हाय. मागं चढला, खोक्यांशेजारी.

धनाजी मागच्या काचेतनं बघत होता. तो खाली मान घालून बसलेला. खोकी बंद होती, वरची चिकटपट्टी तशीच होती. पण त्याचे हात चालू होते. काहीतरी निवडल्यासारखे.

धनाजीनं खिडकीतनं तोंड काढून विचारलं, काय करताय पाव्हणं?

थोडं पुढं गेल्यावर विचारलं, कुणाच्या घरचे तुमी?

मग आवाज आला. मागनं न्हाय. कानाशी.

"आईला झोपू द्या."

धनाजीनं ब्रेक मारला. मागं बघितलं.

खोकी होती. माणूस...

तिथनं ह्या वाघानं गाडी पळवली ती चौकात उभी केली अन् घरात जाऊन गोधडीत शिरला. हे त्यानंच मला सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुपारी, माझ्या ओसरीवर बसून, सारखं पाणी मागत.

एवढं झाल्यावर तरी माणसानं थांबावं का न्हाय? छे! पहाटे तिकीट वाटणारे साहेब हार घालायला येणार होते ना. भुताचं भ्या मोठं, पण तिकीट त्याहून मोठं. मी पुतळ्यासमोर जाऊन बसलो होतो. म्हटलं, फोडायचे तर माझ्या अंगावर फोडा. दोघांनी मला उचलून बाजूला ठेवलं. धनाजीनं सगळ्यांसमोर चिकटपट्टी फाडली, बॉम्ब बाहेर काढले.

एकालाबी वात न्हाय.

दुसरं खोकं फोडलं. तसंच. सुतळी घट्ट गुंडाळलेली अन् वातीच्या जागी नुसतं भोक. साहेब घड्याळ बघत गाडीत बसले अन् गेले. धनाजी तोंड वासून उभा. मी मात्र वहिनीच्या घराकडं सुटलो. ती एकटीच राहते, अन् त्या रात्री बॉम्बच्या धास्तीनं तिला डोळा लागत न्हाय.

दार बंद. आतनं कडी. हाका मारल्या, दार ठोठावलं. दारावर लाथ घालणार, तेवढ्यात कडी वाजली. वहिनी समोर उभी. केस विस्कटलेले, डोळे झोपेनं जड.

"भावजी," ती म्हणाली, "आज वाजवले न्हाईत व्हय? लई वर्षांनी अशी झोप लागली बघा."

मी आत गेलो, माठातलं पाणी प्यायलो. मग माझी नजर तिच्या अंथरुणावर गेली. तीबी माझ्यामागं आली अन् तिथंच बघायला लागली.

"हे कशाचे धागे हो?" तिनं विचारलं.

उशाशी हिरव्या वातींची जुडी होती. नीट, घट्ट बांधलेली. त्या खोलीला खिडकी न्हाय.