काचेच्या आतलं बोट

बहात्तरच्या दुष्काळात मी नगरला रंगनाथ गाडेकरांच्या लहानशा कारखान्यात रसायनतज्ज्ञ होतो. लेथवर लोखंड कापणाऱ्या हत्यारांसाठी आम्ही कार्बाइडं आणि नायट्राइडं ही अतिकठीण संयुगं बनवायचो. व्हॅनेडियमचा पांढरा क्षार चिनी मातीच्या लांबट भांड्यात, म्हणजे होडीत भरायचा, होडी क्वार्ट्झच्या नळीत सरकवायची, नळीची तोंडं घट्ट बंद करायची. मग टोकाच्या बारीक नळ्यांतून अमोनिया वायू सोडून भट्टी तांबडीलाल होईपर्यंत तापवायची. क्षाराचं विघटन व्हायचं आणि होडीत काळी भुकटी उरायची.

होड्या भरायचं काम मालनबाईचं. पाथर्डीकडची जमीन ओस पडल्यावर ती पोटासाठी नगरला आली होती.

एका सकाळी गार झालेली नळी उघडली, तर भुकटीत बोट फिरवल्यासारखी चरी दिसली. बायका मिश्री घेताना डबीत फिरवतात तशी. पुढच्या खेपेलाही तेच. मालनबाईच्या कनवटीला मिश्रीची डबी असायची, म्हणून रंगनाथरावांचा संशय थेट तिच्यावर गेला. मला मात्र त्यांचाच संशय येत होता. क्षार मुंबईहून यायचा, महाग होता. भागीदारांच्या नकळत स्वतःच भुकटीचे चिमूट चिमूट नमुने परस्पर कुणाला देत असतील आणि आळ हिच्यावर घालत असतील, असं वाटायचं.

मालनबाईनं आवाज चढवला नाही. तिनं आपलं बोट चरीवर धरलं. खुरप्यानं राठ झालेलं, जाड बोट. चरी त्याच्या निम्मीही नव्हती.

"साहेब, ह्ये माझं न्हाई," एवढंच ती म्हणाली.

तरी रंगनाथरावांनी तिला कामावरून काढलं. ती नेवासा रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडायला गेली.

मग मी भट्टीच्या खोलीचं कुलूप बदललं. किल्ली माझ्याकडे. होडी मीच भरली, नळी मीच बंद केली आणि भरदिवसा समोर स्टूल टाकून बसलो. नळीच्या एका टोकाला आत बघायला जाड काच होती.

भट्टी तापली. अमोनियानं डोळे चुरचुरत होते. काचेतून रास दिसत होती, निखाऱ्यासारखी, एकसारखी सपाट.

तिच्यात खळगा पडला.

खळगा पुढं सरकला. सावकाश. या कडेपासून त्या कडेपर्यंत.

मी वायू बंद केला, वीज तोडली आणि रंगनाथरावांना बोलावलं. नळी गार झाल्यावर आम्ही दोघांनी मिळून ती उघडली. त्यांनी वाकून चरी पाहिली. मग मालनबाईला परत आणा, असं मला म्हणाले आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेले.

ती उन्हात खडी फोडत होती. मला पाहून तिनं हातोडी खाली ठेवली.

"तुमाला दिसलं वाटतं."

मी मान हलवली.

"मला लई दिसांपासून दिसतंय. सांगितलं आसतं तर येडी म्हनून काढलं आसतं."

रंगनाथरावांनी कामावर बोलावलंय, असं मी सांगितलं. तिनं हातोडी उचलली.

"हितं बरं हाय मला."

आठवडाभर भट्टी बंदच होती. निदान नळी पुसून ठेवावी म्हणून मी कुलूप उघडलं. काचेवर काळा फराटा होता. बाहेरून पुसला, गेला नाही. म्हणून काच काढली आणि आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला.

फराटा ओला होता.