होबाक चालायला लागला तेव्हा

"बाळाचे कान भिजतायत."

औषधाच्या दुकानाच्या छपराखाली उभ्या असलेल्या दान्बीने मान वळवली. मागे एक धिप्पाड तरुण उभा होता. आपली छत्री त्याने तिच्या पाठीवरच्या गाठोड्यावर धरली होती, आणि त्या नादात त्याचा स्वतःचा खांदा गळत्या पन्हळीखाली आला होता. मोक्पोच्या बंदरावरून बारीक, तिरकी सर येत होती... धड पाऊस नाही, धड धुकं नाही. छत्री असूनही माणूस भिजतो, तसली.

"आभारी आहे," दान्बी म्हणाली आणि गालातल्या गालात हसली. पुढे काय होणार ते तिला ठाऊक होतं.

झालंही तसंच. बाळाचं तोंड बघायला तो जरा वाकला, आणि पाठीला बाळ बांधायच्या त्या लांब पट्ट्यांच्या दुलईतून, म्हणजे पोदेगीतून, एका म्हाताऱ्या कुत्र्याचं लांबुडकं, पांढरं पडलेलं थोबाड बाहेर आलं. त्याच्या नाकासमोर मोठ्ठी जांभई देऊन मोकळं झालं.

लोक अशा वेळी किंचाळायचे, नाहीतर फोन काढायचे. हा एक पाऊल मागे सरला, कमरेत वाकला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "नमस्कार, आजोबा. चुकलं माझं."

दान्बीला तो तिथेच थोडासा आवडला. पुढे कित्येक दिवस तिने हे कबूल केलं नाही, पण आवडला.

सर थांबेना, म्हणून बोलणं लांबलं. त्याचं नाव तेओ. आजोबांचं नाव होबाक, म्हणजे भोपळा. पिल्लू असताना तो तसाच पिवळा आणि गोल होता. तिने सांगितलं की हा जिंदो बेटाच्या वाणाचा कुत्रा, भलताच मानी, जीव गेला तरी घरात लघवी करणार नाही. आता मागच्या पायांत संधिवात, घर टेकडीवर, आणि दारातून खाली नुसत्या पायऱ्या. म्हणून सकाळ-दुपार-संध्याकाळ तीच त्याला पाठीला बांधून खाली आणते.

"हात लावू?" तेओने विचारलं.

"मला?"

"नाही... आजोबांना." त्याचे कान लालबुंद झाले.

त्याने दुलईत हात घालून होबाकची मांडी हलकेच चाचपली. एवढा मोठा हात, पण होबाकने साधं गुरगुरूनही दाखवलं नाही.

"असं कधीपासून उचलताय?"

"उन्हाळ्यापासून. एक दिवस चुकवला नाही," दान्बी ऐटीत म्हणाली.

तो हळूच म्हणाला, "म्हणूनच मांड्या उरल्या नाहीत त्याला."

दान्बीच्या डोक्यात तिडीक गेली. उन्हाळाभर तिची कंबर मोडली होती, मैत्रिणींचे वाढदिवस हुकले होते, आणि हा कोण लागून गेला? ती तशीच पावसात चालू पडली. मागून त्याने एवढंच सांगितलं की मासळी बाजारामागच्या जनावरांच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावर तो असतो, आणि दुखऱ्या पायांच्या कुत्र्यांना चालवणं हेच त्याचं काम आहे. तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

पण ऐकलं होतं. कारण गेल्याच महिन्यात लघवी तुंबून होबाक आजारी पडला होता, आणि त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चष्मा पुसत म्हणाल्या होत्या की असला कुत्रा स्वतःच्या पायांनी बाहेर जाऊ शकला नाही की मनानेच खचतो. हिवाळ्यापर्यंत तो उभा राहिला नाही, तर आपल्याला एकदा बसून बोलावं लागेल. 'बसून बोलणं' म्हणजे काय ते दान्बीला बरोब्बर कळलं होतं. त्या दिवसापासून तिच्या पोटात एक खडा होता, आणि तो जेवताना, हसताना, झोपताना हलायचा.

म्हणून ती गेली. नाक मुठीत धरून गेली.

वरच्या मजल्यावर काचेची लांबट टाकी होती. तळाशी सरकता पट्टा, वर कोमट पाणी. पाणी अंगाचा भार उचलतं, दुखऱ्या सांध्यांवर वजन पडत नाही, आणि पाय मात्र कामाला लागतात, असं तेओने समजावलं. मग विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो स्वतः होबाकबरोबर टाकीत उतरला आणि पाय बुडताच बारीक आवाजात किंचाळला. एवढा आडदांड माणूस, आणि म्हणे पाणी जरा गारच आहे. दान्बीला हसू आवरेना.

पट्टा हळू सरकायला लागला. होबाक चालेना. त्याने पाण्यातूनच दान्बीकडे पाहिलं आणि पुढचा पंजा वर केला... घे ना.

तिचे हात आपोआप पुढे झाले. तेओने पट्टा थांबवला.

"तुम्ही बाहेर जा."

"तो घाबरेल."

"तुम्ही घाबराल. तो चालेल."

कॉफीच्या यंत्राशेजारी उभी राहून ती दाराच्या काचेतून बघत राहिली. आत तेओ बेसूर आवाजात बालवाडीतलं कसलंसं गाणं म्हणत होता. होबाकने दाराकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, कोणी येत नाही म्हटल्यावर वैतागून फुरफुरला. आणि मग मागचा उजवा पाय उचलला. मग डावा. वाकडा, थरथरता, पण उचलला. दान्बी हातातली कॉफी न पिताच रडत उभी राहिली.

त्यानंतर ती आठवड्यातून दोनदा त्याला न्यायची, आणि घरी तर कामांची रांगच लागली. चालण्याआधी गरम टॉवेलचा शेक. गुडघे हळूच दुमडायचे, हळूच सोडायचे. दुखण्याची गोळी वेळेवर. एकदाच लांब नाही, थोडं थोडं पण बरेचदा चालवायचं. खालून तापणाऱ्या त्यांच्या गुळगुळीत जमिनीवर लहान मुलांच्या खेळायच्या गाद्या अंथरायच्या, म्हणजे पाय घसरणार नाही. तेओने पायऱ्यांच्या कडेने फळ्यांचा उतार करून त्यावर रबर ठोकलं. खाली दान्बीच्या आईचं लोणची-भाज्यांचं दुकान होतं. सुका मासा आणि रताळी होबाकच्या पोटात जाण्याचा तोच मोठा रस्ता. वजन कमी करायचं म्हटल्यावर आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हातारपणी उपाशी मारतोस होय रे त्याला, म्हणाली. तेओने एक तास मुळे सोलून दिले तेव्हा ऐकलं. आणि तो गेल्यावर दान्बीला म्हणाली, "कुत्र्यासाठी कोणी एवढे मुळे सोलत नाही हो."

"आई, काहीतरीच."

"मी कुठे काय म्हटलं?"

पाण्यातून बाहेर आल्यावर होबाकला पुसायचं काम दोघांचं. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने तो. पोटाखाली टॉवेल फिरवताना बोटांना बोटं लागायची.

"माफ करा."

"कशाबद्दल? मला वाटलं होबाकचंच बोट आहे."

"इतकं केसाळ आहे?"

"थोडं... आहे."

असं चाललेलं. अशाच एका दुपारी त्याने सांगितलं की तो पूर्वी वाळूतल्या आखाड्यात कुस्ती खेळायचा, आणि एकदा गुडघा फिरला. घरचे सगळे पलंगापाशी ताट आणून द्यायचे, पाय चेपायचे, कौतुक करायचे. व्यायाम करवणारी एकच बाई रोज येऊन त्याला उठवायची, आणि तो तिचा मनापासून तिरस्कार करायचा. आज तो चालतो तो तिच्यामुळे. त्या दिवशी टॉवेल पिळताना दान्बीने त्याच्या गुडघ्यावरच्या लांब व्रणाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

होबाक गादीवर आपला आपण उठायला लागला. उताराच्या निम्म्यापर्यंत यायला लागला. दान्बीच्या पोटातला खडा लहान होत गेला. आणि मग किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचा दिवस आला.

हिवाळ्याची किमची म्हणजे घरात कोबीचा डोंगर. टोपल्या, पराती, मिठाचं पाणी, शेजारच्या चार बायका, कोपरापर्यंत तिखटाने माखलेले हात. जमिनीवर तिखट सांडेल म्हणून सकाळीच दान्बीने गाद्या गुंडाळून वर ठेवल्या. एका दिवसाने काय होतंय... असं तिला वाटलं. दुपारी खारट पाण्याच्या ओघळावर होबाकचे दोन्ही मागचे पाय फाकले आणि तो ओरडला. चौदा वर्षांत त्याने कधी तसा आवाज काढला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मोडलं काही नव्हतं, स्नायू ताणला होता. थोडे दिवस विश्रांती, मग पुन्हा हळूहळू सुरुवात. दान्बीने विश्रांती दिली, पण सुरुवात केली नाही. पोदेगी कपाटातून बाहेर आली. तेओला ती निरोप पाठवायची, आज दुकानात गर्दी आहे, आज आईला सर्दी आहे. तो उलट एवढंच लिहायचा, आजोबांना नमस्कार सांगा.

एका संध्याकाळी होबाकला पाठीवर घेऊन ती चढ चढून आली, तर तेओ दारातल्या पायरीवर बसलेला. मांडीवर आईने दिलेला किमचीचा डबा. त्याने तिच्या पाठीकडे पाहिलं आणि काहीच म्हटलं नाही. ते जास्त लागलं.

"बोला ना," ती म्हणाली. "रागवा."

"रागवायला नाही आलो. बघायला आलो... दोघांना."

"तो ओरडला तेव्हा तुम्ही नव्हता." तिचा आवाज चिरकला. "गाद्या मी काढल्या होत्या. मला तो आवाज परत ऐकायचा नाही."

तेओने डबा बाजूला ठेवला.

"ऐकावा लागेल, दान्बी," तो म्हणाला. "संधिवात जात नाही. मी त्याला बरा करू शकत नाही, कोणीच करू शकत नाही. जेवढे दिवस आहेत तेवढे दिवस त्याने आपल्या पायांनी दाराबाहेर जावं, एवढंच मला करता येतं. आणि तेही तू खाली ठेवलंस तर."

तो पहिल्यांदाच तिला अगं-तुगं करत होता. एरवी तिने त्यावर चार टोमणे मारले असते.

"मी प्रेमानेच उचलते त्याला."

"माहितीये. मी रस्त्यात पाहिलं तेव्हाच कळलं होतं. पण तुझ्या पाठीवर तो डोळे मिटून घेतो, ते तुला दिसत नाही. स्वतः चालतो ना, तेव्हा नाक वर असतं त्याचं."

दान्बीला खरंच हे कधी दिसलं नव्हतं. कसं दिसणार? तिची पाठ होती ती.

तिने छातीवरची पोदेगीची गाठ सोडली. तेओने होबाकला अलगद खाली घेतलं, पोटाखालून आधाराची पट्टी घातली आणि ती सैल धरली. होबाकने वर पाहिलं. पंजा उचलला. घे ना.

दान्बीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. एवढं अवघड काम तिने आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते तर नुसतं उभं राहणं होतं.

होबाक वाट बघून कंटाळला. त्याने उतारावर एक पाय ठेवला. थांबला. दुसरा ठेवला. मागचं अंग एकदा लचकलं तेव्हा दान्बीने बोटं आणखी आवळली, पण तो सावरला. खाली शेजाऱ्यांचं पर्सिमनचं झाड होतं, पानं गळून नुसती नारिंगी फळं लटकलेलं. होबाकने त्याचा बुंधा सावकाश हुंगला, एखादं वर्तमानपत्र वाचावं तसा. आणि मग, आपल्या चार पायांवर उभा राहून, त्याने लघवी सुरू केली.

मानी कुत्रा, म्हणून दोघांनीही माना समुद्राकडे वळवल्या. बंदरावर दिवे लागत होते. मागे आवाज चालूच होता.

"वेळ लागेल," तेओ म्हणाला.

"लागू दे."

"मग एक सांगायचंय." तो दिव्यांकडेच बघत होता. "डॉक्टरीणबाई मागेच म्हणाल्या होत्या, आजोबांना आठवड्यातून एकदा पुरे. मी तुला दोनदा बोलावत राहिलो."

"...का?"

"एक वार त्याचा होता. दुसरा... माझा. त्याला अपाय नाही, हे मी विचारून घेतलं होतं. तुला विचारायचं राहिलं."

मागे आवाज थांबला. दान्बीने वळून पाहिलं. होबाकने मागच्या पायांनी माती उकरायला घेतली होती. उडाली म्हणावी इतकीही माती उडत नव्हती, पण तो उकरत होता, मोठ्या रुबाबात, जसा पूर्वी उकरायचा. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसू फुटलं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तिला धीर आला.

"त्या दुसऱ्या वारी," ती म्हणाली, "होबाकला घरी ठेवून... मी एकटीच आले, तर चालेल?"

तेओच्या हातातली पट्टी खाली पडली.

"येशील? त्याला सोडून?"

"तासभर. आई आहे घरी. आणि तो काय, हिंडता-फिरता आहे आता."

तेओने तिचा गारठलेला हात आपल्या खिशात घेतला. पट्टी उचलायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा होबाक उताराला लागला होता. पट्टी मागे फरफटत होती, नाक वर होतं, आणि मागे कोण येतंय न येतंय ते त्याने एकदाही वळून पाहिलं नाही.