अकरा दिवसांनी मोठी

यादी कॅन्टीनबाहेर, हात धुण्याच्या बेसिनशेजारी लावली होती. माणसाच्या आयुष्याचा निकाल कुठे चिकटवावा, याबद्दल प्रत्येक कंपनीचं एक धोरण असतं.

तिने बोट वरून खाली न्यायला सुरुवात केली. आत्मविश्वास, दुसरं काय! बोट पन्नासवर आलं, शंभरवर आलं... आपला नंबर काही दिसेना. तेवढ्यात खालून वर येणारं दुसरं एक बोट तिच्या बोटावर आपटलं.

"माफ करा," बोटाचा मालक म्हणाला. "तुम्ही खाली चाललात?"

"चालले नाही. पाठवलंय."

त्याचं बोट एकशे एकविसावर थांबलं. तिचं एकशे सत्त्याऐंशीवर. तो नम्रपणे खालून सुरुवात करणारा, आणि तोच वर निघाला! तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने विनाकारण हात धुऊन घेतले.

झालं होतं असं, की एका मोठ्या विमान कंपनीने एक धाकटी कंपनी विकत घेतली. छापून आलं 'विलीनीकरण'. धाकटीतली माणसं मात्र 'सासरी आलो' म्हणायची. विमानांच्या शेपट्या आठवड्यात रंगवून झाल्या. माणसांना वेळ लागतो. दोन कंपन्यांच्या सहवैमानिकांच्या दोन ज्येष्ठता याद्या. त्यांची एक करायला मोठ्या कंपनीच्या तीन निवृत्त कॅप्टनांची समिती बसली. यादीतल्या नंबरावर सगळं ठरायचं. उजव्या खुर्चीतून डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या खुर्चीत कोण जाणार, हेसुद्धा. या वर्षी पहिल्या एकशे चाळीस जणांना ते प्रशिक्षण मिळणार होतं. बाकीच्यांना पुढच्या वर्षी... किंवा त्याच्या पुढच्या.

ती धाकटीतली. तो मोठीतला.

घरी तिने बाबांना सांगितलं. बाबांनी चौतीस वर्षं बस चालवली होती. 'मुलगी पण ड्रायव्हरच आहे, रस्ता जरा उंचावर आहे इतकंच,' असं ते शेजाऱ्यांना विचारल्याशिवायच सांगत.

"एकशे सत्त्याऐंशी?" बाबांचा घास हातातच राहिला. "डेपोत एकदा माझा नंबर असाच खाली सरकवला होता. मी म्हटलं, जाऊ दे. एकोणीस वर्षं झाली. अजून जेवताना आठवतं."

"मग?"

"मग काय? तू जेव आधी. आणि उद्या भांड."

दुसऱ्या दिवशी हरकतीचा अर्ज घेऊन ती कॅन्टीनमध्ये बसली, तर समोर चहाचे दोन कप येऊन ठेपले. मागे तो.

"या, एकशे एकवीस," ती म्हणाली. "गरिबांच्या टेबलावर कसे?"

"तुम्हाला मी ओळखतो. काल हात धुताना आठवलं."

"फारच वेळ धुतलेत."

"दोन्ही कंपन्यांनी प्रशिक्षणाला एकच केंद्र भाड्याने घेतलं होतं. पहिल्या दिवशी सगळे एकाच वर्गात होतो. पहिल्याच तासाला तुम्ही मास्तरांचं वाऱ्याचं गणित चुकलंय म्हणालात."

"चुकलंच होतं."

"हो ना. आम्ही बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं." तो हसला. हसताना त्याचा डावा कान किंचित वर जायचा. हे लक्षात आल्याबद्दल तिला स्वतःचा राग आला.

मग तिने कप खाली ठेवला. "थांबा... पहिला दिवस? म्हणजे आपली दोघांची सुरुवात एकाच दिवशी झाली? मग तुम्ही सहासष्ट घरं वर कसे?"

उत्तर सोपं होतं, म्हणूनच समितीच्या ध्यानात आलं नव्हतं. मोठी कंपनी नोकरीची तारीख वर्गातल्या पहिल्या दिवसापासून मोजायची. धाकटी कंपनी मोजायची प्रवासी घेऊन केलेल्या पहिल्या उड्डाणापासून, म्हणजे नऊ महिन्यांनंतर. दोन्ही रकान्यांवर 'रुजू दिनांक' असं एकच नाव होतं. समितीने नाव वाचलं आणि रकाने जोडले. धाकटीतला एकूण एक माणूस नऊ महिने खाली घसरला.

पुरावा प्रशिक्षण केंद्राच्या हजेरीपटात असणार होता. सुट्टीच्या दिवशी दोघं तिथे गेली. कपाटावरची धूळ झाडताना तो सात वेळा शिंकला, तिने मोजलं. शेवटी पान सापडलं. तिची सही तिसरी, त्याची चौथी. दोघांची डोकी त्या पानावर इतकी जवळ आली, की कारकुनाने खाकरून खिडकी उघडली.

"आता एक नियम राहिला," ती पायऱ्यांवर बसत म्हणाली. "तारीख एक असेल, तर वयाने मोठा तो वर. वाढदिवस कधी?"

त्याने सांगितला. तिने बोटांवर मोजलं. ती अकरा दिवसांनी मोठी निघाली.

"मग पाया पडायला हवं."

"गप्प बस." आपण 'तुम्ही'वरून खाली उतरलो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. ती पाठकोऱ्या कागदावर नवी यादी मांडत होती. धाकटीतली माणसं वर सरकली, मोठीतली खाली... पेन्सिल थांबली.

"काय झालं?"

"मी एकशे चाळीस." ती वर बघेना. "तू... एकशे एक्केचाळीस."

खालच्या अंगणात कुणीतरी मोटार धूत होतं.

"हजेरीपटाच्या पानाची ही नक्कल तू देऊ नकोस," ती म्हणाली. "मी दुसरा मार्ग काढीन. मला कुणाची मेहेरबानी नको."

"मेहेरबानी?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "अभिमान काय फक्त धाकट्या कंपनीला वाटून दिलाय? दुसऱ्याच्या खुर्चीत बसून 'नमस्कार, मी आपला कॅप्टन' असं मला म्हणता येईल का? जीभ अडखळेल माझी."

तिने ती नक्कल नीट घडी घालून त्याच्या खिशात ठेवली, आणि हात काढायला गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला.

समितीपुढे दोघं शेजारी उभी राहिली. अध्यक्षांनी पान उलटसुलट पाहिलं.

"पण तुमच्या कंपनीने वर्गातला दिवस का नाही धरला?" त्यांनी तिला विचारलं.

"साहेब, आमच्याकडे माणसं उडवून, सुखरूप उतरवून दाखवल्याशिवाय कुणी स्वतःला वैमानिक म्हणवून घेत नव्हतं. तुमच्याकडे बाकावर बसलं की होत असत, हे आम्हाला माहीत नव्हतं."

तिघांपैकी दोघा कॅप्टनांनी घाईने पाण्याचे ग्लास उचलले.

अध्यक्ष त्याच्याकडे वळले. "तुमची खुर्ची जातेय, कळतंय ना?"

"कळतंय. त्या दिवशी ही माझ्या पुढच्या बाकावर होती, साहेब. यादीत मागे कशी गेली, तेवढंच मला कळत नव्हतं."

तिने मान ताठ ठेवली. डोळ्यांचं मात्र काही खरं नव्हतं.

पंधरा दिवसांनी बेसिनशेजारी नवी यादी लागली. हिशेब एका आकड्यानेही चुकला नव्हता. बाबांनी तिचा फोटो काढून आणायला सांगितला. तिचा नव्हे, यादीचा. तो त्यांनी डेपोत नेऊन, न मागता, सगळ्यांना दाखवला.

त्याच आठवड्यात वर्षाच्या रजा मागण्याची रांग लागली. ही रांगही नंबरानेच लागते. वरच्याने आधी निवडायचं, खालच्याने उरलेलं घ्यायचं. खिडकीशी ती, पाठीमागे तो.

"एक वर्ष उजवीकडे बसावं लागणार तुला," ती मागे न बघता म्हणाली. "वाईट वाटतंय?"

"डावीकडे कोण बसतंय, त्यावर आहे."

"मग... आणखी काही बोलायचं नाही?"

"बोलायचं होतं. पण खुर्ची सोडली म्हणून मागतोय, असं वाटेल तुला."

"वाटलं असतंच." तिने रजेचा तक्ता पुढे ओढला, प्रशिक्षण संपल्यानंतरचे दहा दिवस निवडून लिहिले, कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला आणि तक्ता त्याच्याकडे सरकवला. "म्हणून मी मागतेय. ज्येष्ठ आहे मी."

त्याने वाचलं. कान लाल झाले, दोन्ही.

"ओ एकशे एक्केचाळीस, आटपा," खिडकीतला कारकून ओरडला. त्याने तक्ता पाहिला. "ह्यांनी लग्न लिहिलंय. कुणाशी, ते नाही लिहिलं."

"तेवढा रकाना नाहीये तुमच्याकडे," ती म्हणाली.

तो अजून नुसताच उभा होता. तिने स्वतःचं पेन त्याच्या हातात दिलं. मग त्याने तेच दहा दिवस मागितले, आणि कारणाच्या रकान्यात, जरा वाकड्या अक्षरात, पण ठळक लिहिलं—

'वरीलप्रमाणे.'