सारखेच दोन पेले

"माझ्या नवऱ्याला दुपारच्या घंटेला फाशी देणार आहेत, साहेब!"

रेगिनाने दोन पाव बांधलेलं फडकं हाऊसवाल्डच्या टेबलावर ठेवलं. एक पाव कोठडीतल्या नवऱ्याचा, दुसरा कारखान्यातल्या बापाचा. रोजचाच शिरस्ता.

सॅक्सनीच्या किल्ल्यात चिनी मातीची भांडी बनू लागून दहा वर्षं झाली होती. युरोपात हे दुसऱ्या कुणालाच साधलं नव्हतं. गुपित फुटू नये म्हणून कारागीर आत कोंडलेले. आणि आता व्हिएन्नाच्या बाजारात त्याच मातीचा, त्याच नक्षीचा पेला मिळाला होता!

शोध घेण्यात नावाजलेला हाऊसवाल्ड लगेच किल्ल्यावर निघाला. सोबत फडकं उचलून रेगिना, आणि वैद्य क्रेल. रोग सोडून बाकी सगळ्याचं निदान हा माणूस झटकन करी.

कोठडीत रेगिनाचा नवरा, चोरीचा आळ आलेला भट्टीवाला टोबियास, रडकुंडीला आला होता. "मी नुसता भाजतो हो! सासरेबुवांचे कच्चे पेले भट्टीत सहावा हिस्सा आकसतात, ते मोजून परत देतो. एकही कमी नाही!"

"चोर असंच म्हणतो," क्रेल पुटपुटला.

रेगिनाचा बाप मेल्खिऑर साचेकार. साच्यांच्या कपाटाची एकुलती किल्ली त्याच्या गळ्यात. हाऊसवाल्डने त्याच्यापुढे दोन्ही पेले ठेवले, इथला आणि व्हिएन्नाचा. उंचीत केसाचाही फरक नव्हता.

"जावयानेच पेला पळवला," म्हातारा म्हणाला. "तिकडच्यांनी त्यावरून साचा काढला. दुसरं काय?"

"घ्या! घरचाच साक्षीदार!" क्रेल म्हणाला.

हाऊसवाल्डने किल्लेदाराला आणि रेगिनाला आत बोलावलं.

"भाजलेल्या पेल्यावरून साचा काढला, तर त्यातला पेला भट्टीत पुन्हा आकसणार. तो लहान निघायला हवा. हा तर तंतोतंत तेवढाच! म्हणजे पेला नव्हे, मूळ साचाच बाहेर गेला. मेल्खिऑर, चाळीस वर्षं मातीत हात घातलेत. हे तुम्हाला ठाऊक नाही? तुम्ही जाणूनबुजून खोटं बोललात."

क्रेलचा वासलेला आ मिटेना. रेगिना बापाकडे वळली. "बाबा, नाही म्हणा ना!"

म्हाताऱ्याने गळ्यातली किल्ली काढून ठेवली. "साचा आणि मातीची कृती मालाभोवतीच्या पेंढ्यात लपवून व्हिएन्नाला पाठवली. ते मला इथून सोडवणार होते. दहा वर्षं नदीचा काठ पाहिला नाही, पोरी. तू तरुण आहेस, तुला दुसरा नवरा मिळाला असता. मला दुसरं आयुष्य कुठलं?"

किल्लेदाराने शिपायांना हाक मारली. घंटेला अजून वेळ होता.

रेगिनाने फडकं उचललं. बापाने सवयीने हात पुढे केला. ती दोन्ही पाव घेऊन कोठडीकडे गेली.