फायरवॉल माझं नाव घेते

वीरधवल मला पहिल्यांदा भेटला तो बेदाण्याच्या गार चेंबरमध्ये. साताऱ्याच्या कंपनीनं त्याला आमची नवी फायरवॉल बसवायला पाठवलं होतं आणि आमच्या धनाजी वॉचमननं त्याला भलत्याच दारातून आत ढकललं होतं. मी माल बघायला गेले, तर पेट्यांच्या रांगेतून, धुक्यातून, एक उंच माणूस माझ्याकडे चालत येतोय... माझी बोबडीच वळली.

"आवं, घाबरू नका. भूत न्हाई मी. रहिमतपूरचा हाय."

"का? रहिमतपूरला भुतं नसतात?"

"असत्यात की. पन त्यास्नी थंडी वाजत न्हाई."

त्याचे दात खरंच वाजत होते. मी हसले, आणि तिथंच फसले म्हणा ना.

मी चंदना. तासगाव रस्त्यावरचं हे कोल्ड स्टोरेज माझ्या जिनदत्तकाकांचं, आणि तिथले कॉम्प्युटर माझ्या गळ्यात. फायरवॉल म्हणजे आमच्या नेटच्या दारावरची राखणदार. आतबाहेर जाणारं सगळं तिच्या हातून जायचं. काही अडलं की मी मदतीच्या विंडोत लिहायचं आणि साताऱ्यातून वीरधवलनं उत्तर द्यायचं. मशीनचं बोलणं कधी संपायचं आणि आमचं कधी सुरू व्हायचं, कळायचंच नाही.

"आमच्याकडचा घेवडा पाठवू का?" तो लिहायचा.

"पाठवायला निमित्त लागतं."

"मग मशीन बिघडवू?"

बस, एवढंच. पुढे 'लिहीत आहे...' असं दिसायचं, कितीतरी वेळ दिसत राहायचं, आणि शेवटी यायचं काय — "बरं, ठेवतो." असा राग यायचा मला त्या माणसाचा.

मग एका संध्याकाळी लालासाहेब आले. सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार, त्यांचा बेदाणा आमच्याकडे असायचा. गेटजवळच्या खोलीतल्या स्क्रीनवर शेतकऱ्यानं नाव टाकलं की त्याचा माल कुठल्या चेंबरला आहे ते दिसतं. पण आमच्याकडचा शेतकरी नुसत्या नावावर भागवतो होय? लालासाहेबांनी मराठीतून हुद्दा, नाव, वडिलांचं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, झाडून सगळं टाकलं. स्क्रीन थबकली. खाली वाकडीतिकडी चिन्हं उमटली आणि त्यांच्या मधोमध स्वच्छ अक्षरांत —

दिवस मावळला. चंदना जेवली नसेल.

"ह्ये काय गं पोरी?" लालासाहेब म्हणाले. "तुलाच हाक मारतंय की."

आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा घरचा नेम. आणि त्या दिवशी माझा डबा खरंच तसाच पडून होता. बेदाणा निवडणाऱ्या हरणाबाई मला रोज या वेळी जेवायला पिटाळायच्या. त्या गेल्या वर्षी वारल्या. धनाजी स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाला, "हरणाबाईच हाय. जीव हुता तिचा तुमच्यावर."

मी त्याला दटावलं खरं. पण दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका शेतकऱ्यानं असंच लांबलचक नाव टाकलं आणि स्क्रीनवर आलं — चेंबरमध्ये एकटी जाऊ नकोस. तेव्हा माझा हात खोलीशेजारच्या चेंबरच्या कडीवरच होता.  मी कडी सोडली आणि स्क्रीनचा फोटो वीरधवलला पाठवला.

'लिहीत आहे...' बराच वेळ दिसलं. मग आलं, "त्या स्क्रीनला कुनाला हात लावू देऊ नका." ना चेष्टा, ना घेवडा. मला त्या मशीनपेक्षा त्याच्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली.

संध्याकाळी सगळे चहाला गेल्यावर मी एकटीच स्क्रीनपुढे बसले. नुसतं 'लालासाहेब' टाकलं, काही नाही. इंग्रजीतून पूर्ण पत्ता टाकला, तरी काही नाही. तोच मराठीतून टाकला आणि मशीन उतू गेलं. मग डोक्यात प्रकाश पडला. फायरवॉल अक्षरं मोजत होती, पण आपल्या अक्षराला मशीनमध्ये इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते. नावाची जागा भरून वाहायची आणि उत्तरासोबत शेजारी पडलेलं कुणाचंही काहीही बाहेर यायचं.

पण शेजारी पडलेलं हे होतं कुणाचं? मी परत बटण दाबलं.

...साताऱ्यात आभाळ भरलंय...

...तिला सांगू कसं...

...काका हाकलून देतील...

मागे चेंबरचे पंखे घुमत होते. मानेवर गार वारा येत होता. हरणाबाईंना साताऱ्याचं आभाळ कशाला दिसेल? मी मदतीची विंडो उघडली. तिथं दिसत होतं — 'लिहीत आहे...'

तो लिहीत होता आणि पुसत होता. इतके दिवस हेच करत होता. त्यानं पुसलेलं मला दिसत नव्हतं, पण अक्षर न् अक्षर माझ्या फायरवॉलपर्यंत येऊन पडत होतं. मी पुन्हा दाबलं.

...पुरावा दिला तर तिच्या नावाचा बोभाटा होईल. न्हाई दिला तर...

कुणी बघत नाही असं समजून एक माणूस तिकडे मनातलं बोलतोय आणि मी इथं अंधारून आलेल्या खोलीत ते वाचतेय. अंगावर शहारा येत होता, लाजही वाटत होती, आणि बोट काही बटणावरून निघेना. शेवटी मी लिहिलं, "पुसू नका... मी वाचतेय."

'लिहीत आहे...' तिथंच थांबलं.

सकाळी तो दारात उभा. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

"माजं सांडतंय तसंच शेतकऱ्यांचे पासवर्ड, खात्याचे नंबर बी सांडत्यात," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मशीन आत्ताच बंद केली पायजे. पन बेदाण्याच्या ऐन सौद्यात काका बिनपुराव्याचं ऐकनार न्हाईत. आनि पुरावा म्हंजी..."

"माझं नाव."

"दुसरं कायतरी सापडंपातुर थांबू?"

"आणि तोवर कुणाचं खातं रिकामं झालं तर?"

 माझं नाव एकदा काकांसमोर आलं की ते माझं राहणार नव्हतं. घरात, मंदिरात, अख्ख्या गल्लीत फिरणार होतं.  तरी मी काकांकडे गेले.

"बंद? आज?" काका फोनवर हात ठेवून म्हणाले. "डोकं फिरलंय काय गं तुझं?"

मी त्यांना हाताला धरून स्क्रीनपुढे आणलं. लालासाहेबांचं नाव पत्त्यासकट टाकलं. मशीननं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि ओकलं —

...चंदना हो म्हणेल का...

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," वीरधवल म्हणाला.

"पाठवलंस?"

"न्हाई. पुसलं."

"मग इथं कसं आलं?"

"मशीनमधी भोक हाय, काका. समद्यांचंच असं बाहेर येतंय."

काका वाकले, आणि फायरवॉलची वायर स्वतःच्या हातानं उपटली. हिरवे दिवे विझले. 

"शेतकऱ्यांचं झाकलं," काका म्हणाले. "आता विचारायचं ते तोंडानं विचार. मी इथंच उभा आहे."

वीरधवलनं एकदा काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चंदना... लगीन करशील माझ्यासंगं?" या खेपेला वाक्य त्यानं पुरं केलं.

"हो," मी म्हटलं. काकांकडे बघतच म्हटलं.

काकांनी हातातली वायर गुंडाळून टेबलावर ठेवली.

"रविवारी तुझ्या आईवडिलांना घेऊन ये," ते वीरधवलला म्हणाले. "लग्नाची पंगत दिवस मावळायच्या आत उठवायची, यावरून मला त्यांच्याशी भांडायचं आहे."