बाबांच्या वहीतल्या सहा रेघा

शेजारच्या झेरॉक्सवाल्याने त्या दुपारी दुकान बंद ठेवलं नसतं, तर ही गोष्ट घडलीच नसती. पण त्याने कुलूप लावलं, आणि तो मुलगा दोन मिनिटं त्या कुलपाकडे बघून वाद्यांच्या दुकानात शिरला.

"इथे झेरॉक्स मिळेल का?"

काउंटरमागे कॉम्प्युटरसमोर ती बसली होती. दुकान तिच्या मामाचं. कॉलेज सुटलं की ती इथे यायची. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत दुकानातला फोन वाजला तरी ती गिटारींच्या मागे लपायची. मग मामाने गिटारचे टॅब, म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं त्याचे आकडे, लिहायचं सॉफ्टवेअर आणलं, त्याला स्वतःला ते काही केल्या जमेना, तिने मात्र आठवड्यात शिकून घेतलं... आणि तेव्हापासून तिचं तोंड जे सुटलं ते सुटलंच. मामा तिला 'तुफान' म्हणायला लागला. आता सगळेच म्हणतात.

"गिटार मिळेल, बासरी मिळेल, माऊथ ऑर्गन मिळेल," तुफान म्हणाली. "झेरॉक्स शेजारी."

"शेजारी कुलूप आहे."

"मग गिटार घ्या."

तो हसला. आणि तेव्हा तिला दिसलं, की त्याच्या डाव्या पापणीवर मैदा आहे. चिमूटभर, पांढराशुभ्र. दुकानात ताज्या पावाचा वास पसरला होता, तो त्याच्याच शर्टाला येत होता. कोपऱ्यावरच्या बेकरीतला मुलगा! रोज तिथून जाताना ती काचेतून फक्त केक बघायची. छे... इतके दिवस नजर भलत्याच ठिकाणी होती म्हणायची.

त्याने पिशवीतून एक जुनी वही काढली. पानं पिवळी पडलेली, वर तेलाचा डाग. आत पेन्सिलीने ओढलेल्या सहा-सहा रेघा आणि त्यांवर आकडे.

"बाबांची आहे," तो म्हणाला. "लग्नाआधी त्यांनी आईसाठी एक धून बसवली होती. मी कधी ऐकली नाही. पीठ मळून मळून बाबांची बोटं आता वळत नाहीत, गिटार कधीचीच कपाटावर पडलीय. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. मला ती वाजवायचीय. त्यांना न सांगता." जरा थांबून तो म्हणाला, "म्हणून झेरॉक्स. वही जागेवर ठेवायला हवी ना."

"गिटार येते?"

"थोडी थोडी. पण हे आकडे... हे वाचता येत नाहीत."

तुफानने खुर्ची पुढे ओढली. हे तिचं राज्य होतं.

"एकदम सोप्पं. सहा रेघा म्हणजे सहा तारा. रेघेवर जो आकडा, तितक्या नंबरच्या पट्टीत बोट दाबायचं. शून्य असेल तर तार मोकळी छेडायची. झालं!"

"म्हणजे वरची रेघ ती वरची तार?"

"इथेच सगळे फसतात. सगळ्यात वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार, गुडघ्याकडची. सगळ्यात खालची रेघ ती जाड. उलटं असतं. ठेवा वही, मी टाइप करून छान प्रिंट देते. शंभर टक्के बरोबर!"

"वही ठेवता नाही येणार," तो घाईने म्हणाला. "मी... एकेक पान आणतो."

वहीत धुनीची चार पानं होती. चारही तेव्हा त्याच्या हातात होती. तरी त्या दिवशी त्याने पहिल्याच पानाचा फोटो काढू दिला.

दुसरं पान बुधवारी आलं. तिसरं शनिवारी. चौथं पुढच्या मंगळवारी. मामा गिटारला नव्या तारा चढवता चढवता एकदा म्हणाला, "अगं, वही भरलेली असताना हा हप्त्याहप्त्याने का आणतोय?"

"त्याला झेपेल तसं आणतोय मामा."

"हो का? आणि येताना क्रीमरोल पण झेपेल तसेच आणतो वाटतं. मला एकच, तुला दोन."

तुफानने मान खाली घालून टाइप करायला सुरुवात केली. कान मात्र लालेलाल.

एकच गोष्ट तिला खटकत होती. बाबांनी आकडे लिहिले होते, पण कुठला सूर किती वेळ धरायचा ते कुठेच नव्हतं. हाताने टॅब लिहिणारे बहुतेक लोक ते लिहीतच नाहीत, धून त्यांच्या डोक्यात असतेच ना! सॉफ्टवेअरला मात्र प्रत्येक सुराची लांबी लागते, नाहीतर ते तो भाग लाल करून ठेवतं. तिने अंदाजाने लांब्या भरल्या. लाल गेलं. पण प्ले दाबलं की स्पीकरमधून जे यायचं ते... भांड्यांचं कपाट कुणीतरी जिन्यावरून ढकलून दिल्यासारखं.

"लांब्या जमल्या नाहीत अजून," तिने स्वतःला समजावलं. "हाताने वाजवलं की छान वाटेल."

त्यालाही तिने तेच सांगितलं. त्याने विश्वास ठेवला. तो तर तिने काहीही सांगितलं असतं तरी ठेवणार होता.

शुक्रवारी संध्याकाळी तो आला तो गिटार घेऊनच. बोटांच्या टोकांना लाल वळ उठलेले.

"पूर्ण बसलं! चारही पानं. ऐका."

तो स्टुलावर बसला, डोळे मिटले आणि वाजवायला लागला. एकही आकडा चुकला नाही. एकही! आणि तरी ती धून काही केल्या धून होईना. तुफान त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती (ते तिला आवडायचं), मग नजर त्याच्या उजव्या हाताकडे गेली... आणि तिथेच अडकली.

जाड तारांवर अंगठ्याने टक टक टक टक ठेका धरायचा आणि बारीक तारांवर बोटांनी सूर काढायचे, असं गिटारवर असतं. इथे त्याचं बिचारं तिसरं बोट सगळ्यात बारीक तारेवर ठेका ओढत होतं, हमालासारखं. आणि अंगठा जाड तारांवर उड्या मारत गाणं म्हणत होता. असं कोण वाजवेल? मुद्दाम असं कोण बसवेल?

कुणीच नाही. वही उलटी वाचली असेल, तरच असं होईल.



बाबांना शिकवायला कुणी नसणार. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, खाली बघितलं, जशा तारा दिसल्या तशा रेघा ओढल्या. डोळ्यांच्या जवळची जाड तार, ती वर. झालं! आणि तिने, शंभर टक्केवालीने, चारही पानं उलटी करून त्याला दिली होती.

"कसं वाटलं?" त्याने विचारलं. डोळे असे चमकत होते ना...

"छान," ती म्हणाली.

एवढं कमी ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती. तो गिटार खांद्याला अडकवून, शीळ घालत निघूनसुद्धा गेला.

तिने पळत जाऊन कॉम्प्युटर उघडला. सॉफ्टवेअरमध्ये तारांची यादी असते, कुठल्या रेघेला कुठली तार. तिने ती यादी उलटी लावली, वरच्या रेघेला जाड तार, खालच्या रेघेला बारीक. एकही आकडा बदलला नाही. प्ले दाबलं.

अंगठ्याच्या ठेक्यावर एक हळुवार, थोडी लाजरी, थोडी खोडकर धून दुकानभर पसरली. मामाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला.

"काय गं सुंदर आहे हे!"

"मामा," ती म्हणाली, "मी त्याला वेगळंच शिकवलंय."

"सांगून टाक मग."

"त्याने दोन आठवडे बोटं सोलून घेतली. परवा कार्यक्रम आहे. सांगितलं तर तो पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

नाही सांगितलं, तर रविवारी त्याच्या आईसमोर भांड्यांचं कपाट कोसळणार होतं. पंचवीस वर्षांनी. आणि आईला धून माहीत होती.

शनिवारी सकाळी ती बेकरीच्या दारावरून तीनदा परत गेली. चौथ्यांदा काचेतून त्यानेच तिला पाहिलं आणि पिठाच्या हातांनी आत बोलावलं. भट्टीची ऊब, लोण्याचा वास, आणि तो हसतोय... सगळंच अवघड करून ठेवलेलं.

"एक सांगायचंय. मधे बोलायचं नाही," ती म्हणाली. आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. रेघा, अंगठा, यादी, आणि 'छान' म्हटलं ते खोटं होतं, हेसुद्धा. शेवटी फोन पुढे केला. "ही खरी धून."

त्याने हात पुसले नाहीत. तसाच उभा राहून ऐकत राहिला. एकदा संपली, त्याने कोपराने बटण दाबून पुन्हा लावली. तुफानला वाटलं, आता हा म्हणेल, जा.

"म्हणजे..." तो हळूच म्हणाला, "बाबांना येत होतं वाजवायला?"

"काय?"

"मला वाटत होतं, बाबांची धून भयंकर आहे. खरंच, ऐकवत नव्हती. पण त्यांनी आईसाठी केलीय ना, म्हणून मी गपचूप पाठ केली. मनात म्हटलं, आईने ही ऐकूनही त्यांच्याशी लग्न केलं म्हणजे प्रेमच असणार, कान तर नसणार." तो हसता हसता थांबला. डोळे भरून आले होते, आणि पीठ लागलेला हात डोळ्याला लावता येईना. "बाबा छान वाजवायचे. मला कुणी सांगितलंच नाही."

तुफानने आपला रुमाल काढून त्याचे डोळे टिपले. मग आपण काय करतोय ते तिच्या लक्षात आलं आणि रुमाल हवेतच राहिला.

"चिडला नाहीस?"

ती 'तू' म्हणाली होती. दोघांनाही ते ऐकू आलं.

"चिडेन सोमवारी," तो म्हणाला. "आज वेळ नाही. एका दिवसात चार पानं कशी व्हायची, सांग तू."

"दोन होतील. अंगठ्याचा ठेका सोपा आहे."

"आणि उरलेली दोन?"

 ती सहा वर्षं वाजवत होती, पण बंद खोलीत. माणसांसमोर कधीच नाही. 

"उरलेली मी वाजवते," ती म्हणाली. शब्द तोंडातून आधी गेले, धीर मागाहून आला.

दुपारपर्यंत तिने चारही पानं नव्याने टाइप केली, या वेळी रेघा सुलट करून. बेकरीतली शेवटची पावांची फेरी उरकून तो दुकानात आला आणि मामाने शटर ओढेपर्यंत दोघं वाजवत राहिले. मधूनच मामा ओरडायचा, "अंगठा! अंगठा झोपला!"

रविवारी त्याच्या घरी दहा-बारा माणसं होती. आत्या, काका, शेजारच्या दोन काकू. 'दुकानातली मैत्रीण' एवढीच ओळख करून दिलेली तुफान, गुडघे जुळवून, गिटार छातीशी धरून बसलेली. त्याने वाजवायला सुरुवात केली. आई सगळ्यांना बशा देत होती. तिसऱ्या सुरावर तिचा हात थांबला. पाचव्यावर तिने बशी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे बघितलं.

 बाबांची जाड, न वळणारी बोटं गुडघ्यावर ठेका धरायला लागली होती.

दुसऱ्या पानाचा शेवटचा सूर त्याने लांबवला आणि तिच्याकडे पाहिलं. खोली तिच्याकडे वळली. तिने गिटार मांडीवर घेतली. आणि अंगठा आपला चालायला लागला, टक टक टक टक, आणि बाकीची बोटं त्याच्या मागून निघाली. मग खोली वगैरे काही राहिलीच नाही.

संपल्यावर सगळ्यांच्या आधी बाबाच बोलले. 

"मी वाजवायचो त्यापेक्षा बरं वाजवलं."

"त्याला काय फार लागत नव्हतं," आई पदराने डोळे पुसत म्हणाली. "शेवटची ओळ तुम्हाला एकदाही आली नाही. मी पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा ऐकली."

हशा पिकला. तुफानने वहीची सगळी कहाणी सांगितली तेव्हा तर जास्तच. बाबा मात्र गोंधळून सगळ्यांकडे बघत राहिले. "पण जाड तार वरच असते ना? घेऊन बघा मांडीवर! उलटं तर ते पुस्तकवाले लिहितात."

दोघं बाल्कनीत आले तेव्हा ऊन उतरत होतं. खालच्या रस्त्यावर एक सायकल घंटी वाजवत गेली. तो कठड्यावर बोटांनी काहीतरी वाजवत होता, मग थांबला.

"वही मी पहिल्याच दिवशी अख्खी देऊ शकलो असतो," तो म्हणाला.

"माहितीय."

"आता पानं संपली."

"तेही माहितीय."

"म्हणून म्हटलं... आता सांगूनच टाकावं. मला तू आवडतेस."

तिच्या आत काहीतरी लख्ख उजळलं. तरी ती म्हणाली, "पुन्हा म्हण."

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं. पण पुन्हा म्हण."

त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी न अडखळता. आणि तुफान, जिच्यापुढे मामाचीही बोलती बंद व्हायची, नुसती त्याची बाही धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मलाही. केव्हापासून ते विचारू नकोस, मैदा मधे येतो."

"काय?"

"काही नाही."

आतून आईची हाक आली, "अरे, केक कापायचाय! या बघू दोघंही!"

दोघंही. तिने तो शब्द मनातल्या मनात एकदा म्हणून बघितला. मग त्याची बाही न सोडताच ती आत गेली.