भिंतीपलीकडची सुईणबाई

यात पदरचं एक अक्षर नाही. मी आणि माझे धाकटे दीर, आम्ही दोघांनी आपल्या कानांनी ऐकलेलं आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. टळटळीत दुपार. जागा, आमच्या गावची सार्वजनिक दफनभूमी.

सार्वजनिक आपली म्हणायला. मधोमध भिंत आहे. अलीकडे आम्ही जुने लोक, पलीकडे बाहेरून येऊन राहिलेले.

अलीकडच्या कोपऱ्यात तान्ह्यांची ओळ आहे. तिथं माझा पहिला मुलगा आहे. शेजारी दिरांची मुलगी. दोघंही न रडताच गेली.

दोघांनाही हातावर घेतलं ते सुईणबाईनं. ती परमुलखातली. आमची भाषा तिला शेवटपर्यंत धड आली नाही. पण मूल रडायला लागलं की पाठीवर थोपटायची. दोनदा हलकं, मग एकदा जरा जड. गावातलं कुठलंही मूल त्या हाताखाली निजायचं.

गेल्या वर्षी ती गेली, पिकलं पान होऊन. "मला त्या लेकरांजवळ ठेवा," एवढंच मागून गेली.

दीर दफनभूमीच्या कमिटीत. म्हणाले, "बाई सोन्यासारखी होती. पण आपल्यातली नव्हती."

तिला पलीकडे पुरलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी ओळीतलं तण काढायला गेले.

तण नव्हतंच. माती कुणीतरी हातानं चोपून बसवलेली.

आणि मग...

थप थप... थप्प.

आसपास माणूस नव्हतं. पाखरूसुद्धा नव्हतं.

घरी सांगितलं तर दीर हसले. "वहिनी, दारावरची घंटी तुम्हाला ऐकू येत नाही. भुतं बरी ऐकू येतात."

"मग चला ना भाऊजी. तुमचे कान तर शाबूत आहेत."

आले. ऐकलं. तोंडचं पाणी पळालं त्यांच्या. पण पडले कमिटीचे माणूस. भिंतीकडे वळून दरडावलं, "कोण आहे? इकडे यायचं नाही. ही जागा आमची आहे."

थोपटणं थांबलं.

सगळं शांत...

मग ओळीतून रडू आलं. अगदी बारीक, तान्ह्या मुलाचं. मग आणखी एक. मग सगळी ओळच...

माझ्या मुलाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तरी ओळखला.

दीर गुडघ्यांवर बसले. मुलीवरची माती थोपटू लागले. त्यांना जमेना. रडणं वाढतच गेलं.

"चुकलं, बाई," ते भिंतीला म्हणाले. "या इकडे. मी कमिटीत बोलतो. तुम्हाला इथंच आणतो."

थप थप... थप्प.

एकेक करत सगळी निजली.

पुढे कमिटीची सभा झाली. दीर इस्त्रीचा सदरा घालून गेले. परत आले, हातपाय धुतले, जेवायला बसले.

"बोललात का?"

"विषयच निघाला नाही." बराच वेळ एकच घास चावत राहिले. "लोक हसले असते, वहिनी."

आणि मी? मी विचारलं, "पाणी देऊ का?"

परवा पुन्हा गेले. फाटकातूनच ऐकू आलं...

थप थप... थप्प.

आम्ही शब्द फिरवला, तरी ती येतेच आहे. भिंत ओलांडून कशी येते, कोण जाणे.

ओळीपर्यंत माझे पाय गेले नाहीत. कोणत्या तोंडानं जाणार होते?

फाटक आवाज न करता ओढून घेतलं आणि घरी आले.